घर बुडालं म्हणजे नेमकं काय बुडालं? गॉथिक कथेतली प्रतीकं वाचताना

गॉथिक कथेवर, म्हणजे जुनाट वास्तू, गूढ आणि भय यांच्या कथेवर, लिहिलेला माझा पहिला निबंध अजून कुठल्यातरी फाइलीत आहे. पाणी म्हणजे नेणीव (मनाचा आपल्यालाच न दिसणारा भाग), घर म्हणजे मन, तळघर म्हणजे दडपलेली वासना, अशी समीकरणं मी त्यात एकाखाली एक मांडली होती. तपासणाऱ्या बाईंनी समासात लाल शाईने एवढंच लिहिलं: 'मग कथा वाचली कधी?' तेव्हा फार राग आला होता. नंतर तो निबंध पुन्हा चाळला, तर त्यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्याही भयकथेवर जसंच्या तसं चिकटवता आलं असतं. बाईंचं बरोबर होतं.

प्रतीकांचा शब्दकोश हाताशी धरून कथेत शिरलं की हे हमखास होतं. म्हणून इथे उलट्या वाटेने जाऊ. आधी कथा, मग कथेतल्या खटकणाऱ्या जागा, आणि फ्रॉइड-युंग हे नेणिवेचा सिद्धान्त मांडणारे मानसशास्त्रज्ञ अगदी शेवटी. उदाहरण एकच घेतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही: अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याची 'द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर', सप्टेंबर १८३९मध्ये छापून आलेली. एका बैठकीत संपते, इंटरनेटवर मोफत मिळते. पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे, तेव्हा वाचली नसेल तर आधी वाचून या.

वाचून बराच काळ झाला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक निनावी निवेदक बालमित्राच्या, रॉडरिक अशरच्या, पत्रावरून त्याच्या जुनाट वास्तूत राहायला येतो. रॉडरिकची इंद्रियं असह्य तीक्ष्ण झाली आहेत. त्याची जुळी बहीण मॅडलिन हिला मधूनमधून मृतवत निश्चेष्ट पडण्याचा आजार आहे. ती 'मरते'. दोघे मित्र तिची शवपेटी घरातल्याच तळघरात ठेवतात. काही दिवसांनी, वादळाच्या रात्री, ती तिथून बाहेर येते, भावावर कोसळते, दोघंही मरतात. निवेदक पळ काढतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत घर दुभंगून समोरच्या तळ्यात बुडतं.

पहिलं वाचन: पेन्सिल खाली ठेवा

पहिल्या वाचनात अर्थ शोधायचाच नाही. अंगावर काटा कुठे आला, अस्वस्थ कुठे वाटलं, एवढंच लक्षात ठेवायचं. गॉथिक कथा डोक्याआधी कातडीवर काम करते, आणि ती पहिली नोंद एकदा हुकली की परत मिळत नाही. दुसऱ्यांदा वाचताना पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं.

वाचून झालं की स्वतःला विचारा: मला जिथे भीती वाटली, तिथे भीतीदायक असं काही घडत होतं का?

'अशर'चा पहिला परिच्छेद पाहा. शरद ऋतूतला मळभाचा, निःशब्द दिवस. एक माणूस घोड्यावरून येतो आणि घराकडे बघतो. बस, एवढंच. भूत नाही, प्रेत नाही, साधी किंकाळीसुद्धा नाही. तरी त्याच्या मनावर असह्य उदासी दाटते. कारण त्याचं त्यालाच सापडत नाही, म्हणून तो एक प्रयोग करतो. तीच दृश्यं वेगळ्या मांडणीत पाहिली तर कदाचित कमी भेसूर वाटतील, अशा आशेने तो तळ्याच्या काठाशी जाऊन घराचं उलटं प्रतिबिंब बघतो. आणि पहिल्यापेक्षा जास्त शहारतो.

जिथे भावना घटनेपेक्षा मोठी झालेली दिसते, तिथे खूण करा. जास्तीची भावना कुठून तरी आलेली असते, आणि कुठून आली हाच आपल्या कामाचा प्रश्न. मृत्यूच्या दृश्यात दुःख व्हावं यात नवल नाही. खिडक्यांकडे बघून दुःख व्हावं, यात आहे.

दुसरं वाचन: काय परत येतं?

आता पेन्सिल घ्या. एका कागदावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी लिहून काढा: वस्तू, आकार, आवाज, शब्द. मोठी सुंदर यादी करायच्या फंदात पडू नका. माझ्या 'अशर'च्या यादीत इतकंच निघालं: जोड्या, भेग, बंद जागा, आवाज.

जोड्या म्हणजे घर आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. भाऊ आणि जुळी बहीण. रॉडरिक गातो त्या कवितेतला राजवाडा, ज्याच्या खिडक्या-दारांच्या वर्णनातून माणसाचा चेहरा उभा राहतो, आणि त्याच्याजोडीला कथेच्या सुरुवातीचं घर, ज्याच्या रिकाम्या खिडक्या डोळ्यांसारख्या आहेत. निवेदक मोठ्याने वाचत असलेली वीरकथा आणि त्याच क्षणी घरात कुठेतरी होणारे हुबेहूब तसेच आवाज. एकदा ही जोडी दिसली की कथा आरशांनी भरल्यासारखी वाटायला लागते.

भेगेचं वेगळं सांगतो, कारण प्रतीक कसं ओळखायचं याचा तो नमुना आहे. सुरुवातीला निवेदकाला दर्शनी भिंतीवर छपरापासून तळ्यापर्यंत वेडीवाकडी उतरणारी, जेमतेम दिसेल अशी एक चीर दिसते. तिचा उल्लेख येतो आणि संपतो. मग अख्खी कथा तिच्याबद्दल ब्र काढत नाही. शेवटच्या परिच्छेदात त्याच भेगेतून रक्तासारखा लाल पूर्ण चंद्र दिसतो, भेग बघता बघता रुंदावते आणि घर दोन भागांत कोसळतं. वस्तू एकदाच आली तर बहुधा ती सामान असते, दोनदा आली तर ती रचना. आणि परत येताना बदलून आली, तर तिला प्रतीक म्हणायला हरकत नाही. हा काही कायदा नव्हे. पण नवख्याला चुकीच्या रस्त्यावरून वाचवण्याइतपत उपयोगी आहे.

शब्दांकडेही असंच बघा. 'हाऊस ऑफ अशर' म्हणताना गावकरी वास्तू आणि वंश दोन्ही एकाच नावात गुंडाळतात, असं पो स्वतः सांगतो. या वंशाला कधी फांदीच फुटली नाही, बापाकडून मुलाकडे सरळ एकच रेघ, हेही तो सांगतो. इथे मराठी वाचकाला आयताच फायदा आहे. आपण 'घर बुडालं' म्हणतो तेव्हा भिंती अभिप्रेत नसतात, घराणं अभिप्रेत असतं. पोने हा वाक्प्रचार जणू शब्दशः खरा करून दाखवला: वंशाची शेवटची दोन माणसं मेली आणि त्याच घटकेला घर पाण्यात गेलं. आपल्या भाषेतल्या अशा जोडण्या खुशाल वापरा, फक्त त्या कथेवर लादल्या जात नाहीत ना, ते तपासा.

आधी साधं कारण संपवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. 'तळघर म्हणजे नेणीव' असं लिहिण्याआधी शोधायचं, की कथेतल्या माणसांनी मॅडलिनला तळघरात ठेवलं ते कोणत्या कारणाने?

कथेत कारण स्पष्ट आहे. आजार विचित्र होता, तिचे डॉक्टर नको इतक्या उत्सुकतेने चौकशी करत होते आणि घराण्याची दफनभूमी लांब, उघड्यावर होती. म्हणून कायमच्या दफनाआधी पंधरवडाभर घरातच ठेवायचं ठरलं. त्या काळी शवविच्छेदनासाठी पुरलेली प्रेतं उकरून चोरली जात, त्यामुळे ही काळजी अगदी व्यवहारी होती. जिवंतपणी पुरलं जाण्याची धास्तीही त्या शतकात खरीखुरी होती. १८३९च्या वाचकाला यात मुद्दाम 'प्रतीकात्मक' असं काही दिसलं नसेल.

मग शिल्लक काय राहतं? ते तळघर नेमकं निवेदकाच्या झोपण्याच्या खोलीखाली का? ते पूर्वी अंधारकोठडी होतं, नंतर दारूगोळा ठेवायची जागा, आतून तांब्याने मढवलेलं, दाराला जड लोखंड. प्रेत ठेवायला एवढ्या इतिहासाची गरज नाही. आणि सगळ्यात खटकणारं: पेटीचं झाकण उघडून दोघे तिचा चेहरा बघतात, गालांवर फिकट लाली दिसते, ओठांवर रेंगाळणारं हसू दिसतं. या आजारात असं होतंच, अशी निवेदक समजूत घालतो. आणि स्क्रू आवळले जातात.

साधं कारण वजा केल्यावर जे उरतं, तिथून मानसशास्त्रीय वाचन सुरू होतं. त्याआधी नाही.

सांगणाऱ्याला उलटतपासणीला उभं करा

गॉथिक कथा बहुधा कुणाच्या तरी तोंडून येते. ते तोंड कुणाचं, हे विसरलात तर निम्मी कथा गेली. 'अशर'चा निवेदक स्वतःला समंजस पाहुणा समजतो. पण त्याची वाक्यं नीट वाचली तर तो हळूहळू घसरताना दिसतो. मित्राच्या कल्पनांची बाधा आपल्यालाही होत चालली आहे हे तो कबूल करतो. त्याला झोप लागत नाही. मित्राला शांत करायचं म्हणून वाचायला जे पुस्तक निवडतो त्यात दार फोडणं, राक्षसी किंकाळी आणि ढालीचा खणखणाट आहे. शांत करायला!

मुख्य म्हणजे, झाकण बंद करणाऱ्या चार हातांपैकी दोन त्याचे आहेत. तेव्हा ही साक्षीदाराची जबानी की सहभागी माणसाची सारवासारव, हा प्रश्न विचारायलाच हवा. शेवटी रॉडरिक किंचाळून ती दाराबाहेर उभी असल्याचं सांगतो तेव्हा 'वेड्या' असं संबोधन वापरतो. खोलीत दोघंच आहेत. वेडा म्हटला जातोय तो आपला शहाणा निवेदक.

घराचा नकाशा काढा

खरोखर कागदावर काढा, कितीही वाकडा येवो. वर काय, खाली काय, कोण कुठून कुठे जातं. 'अशर'मध्ये वर रॉडरिकचा दिवाणखाना: उंच, अरुंद खिडक्या, पुस्तकं, वाद्यं. मध्ये निवेदकाची खोली. खाली तळघर. त्याच्याही खाली, सगळ्यांची वाट बघत असलेलं तळं. आता मॅडलिनची वाट आखा: खालून वर. निवेदकाची: बाहेरून आत, मग बाहेर. रॉडरिक बहिणीला पोहोचवायला तळघरात एकदा उतरतो, नंतर खोल्याखोल्यांतून भटकतो, पण घराबाहेर पडत नाही.

घर आणि मन यांची सांगड युंगच्या एका प्रसिद्ध स्वप्नाने पक्की केली. १९०९मध्ये फ्रॉइडसोबत अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना हे स्वप्न पडल्याचं त्याने आठवणींमध्ये सांगितलं आहे. तो एका घरात आहे. वरचा मजला अठराव्या शतकातल्या थाटाचा, खालचा मध्ययुगीन, तळघर रोमन, आणि त्याच्याही खाली एक गुहा, जिच्यात हाडं, फुटकी भांडी आणि दोन कवट्या. युंगला वाटलं, हे मनाचे थर आहेत, आणि तळाचा थर एकट्या आपला नाही, साऱ्या मानवजातीचा. सामूहिक नेणिवेची कल्पना त्याला इथे पहिल्यांदा जाणवली.

मला मात्र या गोष्टीचा पुढचा भाग जास्त शिकवून गेला. फ्रॉइड त्या दोन कवट्यांनाच धरून बसला. त्या कुणाच्या, म्हणजे तुला कुणाचं मरण हवं आहे? युंगला तसं काही वाटत नव्हतं. पण वाद नको म्हणून त्याने खोटंच सांगितलं: बायकोच्या आणि मेव्हणीच्या. फ्रॉइडचं समाधान झालं. आपल्या सिद्धान्ताने कथेला फार पिळलं की तीसुद्धा अशीच, आपल्याला हवं ते उत्तर देऊन मोकळी होते.

आता फ्रॉइड

हत्यारं थोडीच लागतात. दमन: जे सहन होत नाही ते मन खाली ढकलतं. परतणं: ढकललेलं नष्ट होत नाही, वेष बदलून वर येतं. आणि १९१९च्या निबंधात त्याने उलगडलेली 'उनहाइमलिश' ही भावना. जर्मन 'हाइमलिश' या शब्दाला दोन अर्थ आहेत: घरच्यासारखं, ओळखीचं, आणि लपवलेलं, गुप्त. दोन्ही अर्थ एका ठिकाणी येऊन मिळतात आणि शब्द आपल्याच विरुद्धार्थी शब्दाला जाऊन भिडतो. सगळ्यात भयाण वाटतं ते पूर्णपणे परकं नसतं. ते मुळात आपल्याच घरचं, पण झाकून ठेवलेलं आणि आता उघडं पडलेलं असतं.

हे 'अशर'ला लावताना फार कसरत करावी लागत नाही. बहिणीला घरातच, सगळ्यात खोल जागी, स्क्रू आवळून ठेवलं जातं. रॉडरिकला तिची हालचाल कित्येक दिवसांपासून ऐकू येत होती, पण बोलण्याचं धाडस झालं नाही, असं तो शेवटी स्वतःच कबूल करतो. म्हणजे त्याला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. दमन याहून नेमकेपणाने दाखवता येईल असं मला वाटत नाही. आणि लक्षात घ्या, फ्रॉइडचा जन्म १८५६चा, पो १८४९मध्ये वारला. पोने सिद्धान्त वाचून कथा लिहिली नव्हती. म्हणून 'लेखकाला हेच म्हणायचं होतं' असं लिहू नका. 'कथा असं दाखवते' म्हणा.

इथेच पाय घसरण्याची एक मोठी जागा आहे. न फुटलेली वंशवेल आणि जुळ्यांमधलं सहजी न उमगणारं नातं यांवरून बऱ्याच जणांनी भावाबहिणीच्या निषिद्ध संबंधांचं वाचन केलं आहे. कथेत त्याला जागा आहे, पुरावा नाही. 'कथा ही शक्यता उघडी ठेवते' एवढंच लिहिता येतं. जेवढा आधार, तेवढाच सूर.

आणि युंग

मराठी समीक्षेत 'आर्किटाइप'साठी आदिबंध हा शब्द रुळला आहे, आणि तो चांगला आहे, कारण त्यात चित्रापेक्षा घडणीची सूचना आहे. आदिबंध म्हणजे ठरलेली आकृती नव्हे. तो साचा आहे, आणि प्रत्येक कथा त्यात आपलं द्रव्य ओतते. नवख्याला सुरुवातीला तीन पुरतात: छाया, म्हणजे स्वतःचं नाकारलेलं रूप, ॲनिमा, म्हणजे पुरुषाच्या मनातली स्त्रीप्रतिमा, आणि पाताळात उतरून परत येणं.

युंगच्या नजरेने बघितलं तर रॉडरिक नुसतं मन आहे, देह उरलेलाच नाही. सपक अन्न सोडून काही चालत नाही, ठरावीक पोताचे कपडेच सोसतात, फुलांचा वास आणि मंद उजेडही छळतो, फक्त काही तंतुवाद्यांचे सूर सहन होतात. जो देह त्याने टाकला, तो जुळ्या बहिणीच्या रूपाने खाली पुरला आहे. ती वर येते, दोन अर्धुकं एकत्र येतात. पण ते एकत्र येणं जगण्याकडे नेत नाही, कारण फार उशीर झालेला असतो. आदिबंध ओळखला म्हणजे काम झालं असं नसतं. ही कथा तो साचा कुठे मोडते, हे सांगणं खरं काम. पाताळातून परतलेला नायक सहसा काहीतरी घेऊन येतो. इथे परतते ती नायकाची बहीण, आणि घेऊन येते मरण.

या वाचनावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मला पटतो. मॅडलिनला भावाच्या मनाचा तुकडा केलं की ती बाई म्हणून गायब होते. कथेनेही तिला एक शब्द बोलू दिलेला नाही. शेवटी कण्हण्याचा आवाज, तेवढाच. पण तिच्या पांढऱ्या वस्त्रांवरचं रक्त आणि कृश देहावरच्या झटापटीच्या खुणा पाहा: स्क्रू, लोखंडी दार, तांब्याची वाट, सगळं पार करून आलेली ती कथेतली एकमेव कृतिशील व्यक्ती आहे. तेव्हा प्रत्येक स्त्री-पात्राबाबत एक ओळ वेगळी लिहा: ती कुणाचं तरी प्रतीक नसती, तर तिच्यावर काय गुदरलं असतं?

लेखकाच्या चरित्राचा मोह

थोडक्यात सांगतो. फ्रॉइडची शिष्या, मनोविश्लेषक मारी बोनापार्त हिने १९३३मध्ये पोच्या कथा त्याच्या आयुष्यावरून उलगडणारा मोठा ग्रंथ लिहिला, फ्रॉइडने त्याला प्रस्तावनाही दिली. मोह समजण्यासारखा आहे, पण तारखा बघाव्यात. मॅडलिन म्हणजे पोची क्षयाने खंगणारी पत्नी व्हर्जिनिया, असं सर्रास लिहिलं जातं. व्हर्जिनियाचा आजार उघड झाला जानेवारी १८४२मध्ये. कथा त्याच्या दोन वर्षांहून अधिक आधीची.

लिहायला बसल्यावर

एकच विधान निवडा. 'या कथेत घर हे मनाचं प्रतीक आहे' हे विधान नव्हे, कारण त्यावर कुणी वाद घालणार नाही. असं काहीतरी घ्या: 'अशरच्या घरात दडपलेली गोष्ट कुणालाच अज्ञात नाही, सगळे ऐकतात आणि गप्प बसतात, म्हणून घर कोसळतं.' यावर भांडता येतं. मग त्यासाठी कथेतल्या तीन-चार जागा घ्या. मी घेईन गालांवरची लाली, निवेदकाच्या खोलीखालचं तळघर आणि रॉडरिकची कबुली. प्रत्येक ठिकाणी आधी कथेतला तपशील, मग त्याचं साधं कारण, मग उरलेलं, आणि संकल्पना सगळ्यात शेवटी. 'नेणीव', 'दमन', 'छाया' हे शब्द खोडून परिच्छेद पुन्हा वाचा. तरीही काही सांगत असेल तर ठेवा.

आणि एक कोपरा न जुळलेल्या गोष्टींसाठी ठेवा. माझ्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं एक डॉक्टर उभा आहे. निवेदक घरात शिरतो तेव्हा जिन्यावर त्याला हा घरचा वैद्य भेटतो, चेहऱ्यावर हलकट धूर्तपणा आणि गोंधळ यांचं मिश्रण घेऊन. घाबरत घाबरत दोन शब्द बोलतो आणि निघून जातो. त्याला काय माहीत होतं? मी त्याला दमनात बसवून पाहिलं, छायेत बसवून पाहिलं, प्रेतचोरांच्या भीतीत तर तो जवळजवळ बसतो, पण तो गोंधळ मागे उरतोच. सध्या त्याला जिन्यावरच राहू दिलं आहे.